बॉल पायथन खात नाही? आधी पेटी बघा, मग उंदीर

ब्रिटन-अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी बॉल पायथन आला आहे, तिथे कधी ना कधी हे घडतंच: समोर उंदीर धरलेला, आणि साप तोंड फिरवून वेटोळ्यात बसलेला. (ब्रिटनमध्ये याच सापाला रॉयल पायथन म्हणतात.) भारतात राहणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवतो. नाग, धामण, आपला अजगर घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातीची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

१. पहिल्यांदा वजन करा

स्वयंपाकघरातल्यासारखा डिजिटल काटा सापासाठी वेगळा घ्या. झाकणाच्या डब्यात साप ठेवून वजन करा आणि तारीख घालून वहीत लिहा. पुढे दर पंधरा दिवसांनी तेच. धडधाकट मोठा बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतो. नर तर विणीच्या हंगामात, म्हणजे बहुधा हिवाळ्यात, स्वतःहूनच खाणं सोडतात. वजन टिकून असेल तर काळजी तुम्हाला लागलेली आहे, सापाला नाही. पिल्लाच्या अंगात मात्र एवढा साठा नसतो, त्याच्या बाबतीत लवकर हालचाल करा.

२. पेटी तपासा

बहुतेक वेळा घोडं इथेच अडलेलं असतं. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात अंग चोरून पडायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं, ही त्याची रीत. त्याला चारी बाजूंनी उघड्या, लख्ख उजेडाच्या काचेच्या पेटीत ठेवलं तर तो जेवणाचा विचार करणारच नाही. लपायची सोय करण्यातच गुंतून राहील.

म्हणून लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. त्या ऐसपैस नकोत. वेटोळं घालून बसल्यावर त्याच्या अंगाला भिंती लागल्या पाहिजेत. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा. गरम बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि गार बाजू २५ ते २७ ठेवा. काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या तापमापकावर अजिबात विसंबू नका. ज्याच्या तारेचं टोक साप बसतो तिथे ठेवता येतं, असा डिजिटल घ्या. गरम पट्टी किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या उपकरणाशिवाय) लावू नका. अंग गार असलेल्या सापाला खाल्लेलं पचत नाही, आणि हे त्यालाही कळतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास हवी. थंडीत घरात हीटर चालू असला की ती झपाट्याने उतरते.

३. आठवडाभर हात लावू नका

नव्याने आणलेला साप असो वा पेटीत बदल केलेला, सात दिवस फक्त पाणी बदला. हातात घेणं नको, पाहुण्यांना दाखवणं नको, झाकण उचलून डोकावणं नको. या काळात विकणाऱ्याला विचारून घ्या: साप काय खात होता, मोठ्या जातीचा उंदीर (रॅट) की छोटा (माउस), जिवंत की गोठवलेला, केवढा? छोट्या उंदरांवर वाढलेला साप मोठ्या जातीच्या उंदराच्या पिल्लाला ओळखही दाखवत नाही. डोळे निळसर-दुधाळ आणि कातडी निस्तेज दिसत असेल तर कात टाकायची वेळ आली आहे. कात पडेपर्यंत खायला देऊच नका.

४. आता जेवण

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. उंदराचं अंग ३८ अंशांच्या आसपास हवं. देण्याच्या क्षणी हेअर ड्रायरने डोक्याकडचा भाग आणखी थोडा गरम करा. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार तर किंचित जास्त.

दिवे मालवल्यावर लांब चिमट्याने लपायच्या जागेच्या तोंडाशी धरा आणि हलकेच हलवा. नाकावर टेकवू नका. घेतला नाही तर तिथेच ठेवून निघून या, सकाळी राहिलेला फेकून द्या. पुढचा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी. रोज रात्री उंदीर नाचवला तर साप त्यालाच घाबरायला लागतो.

तरीही नाही? मग उंदराची जात किंवा आकार बदला, नाहीतर त्याला कोंबडीच्या पिल्लाच्या पिसांचा वास लावा. मात्र एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

हे करू नका

गावाकडून फोनवर कुणीतरी दूध पाजायला सांगेल. साप दूध पीत नाही. नागपंचमीचं दूध तहानलेल्या सापांच्या घशात ओतलेलं असतं. जिवंत उंदीर सोडून झोपायला जाऊ नका, उंदीर सापाला कुरतडतो आणि जखमा खोल होतात. तोंड उघडून भक्ष्य कोंबणं हे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचं काम आहे, तेही शेवटचा उपाय म्हणून.

त्यांच्याकडे कधी जायचं? वजन दहा टक्क्यांनी उतरलं, श्वासाला घरघर आली, तोंडात बुडबुडे किंवा दह्यासारखा पू दिसला, खवल्यांत काळे ठिपके म्हणजे पिसवांसारखे बारीक किडे फिरताना दिसले, किंवा खाल्लेलं उलटून पडलं तर. जाताना वजनाची वही, पेटीचे फोटो आणि मिळाली तर ताजी विष्ठा घेऊन जा.

आणि एकदाचं त्याने गिळलं, की आनंदाच्या भरात त्याला उचलू नका. ४८ तास तसाच राहू द्या, आणि पुढच्या दोन-तीन खेपांना उंदीर त्याच जातीचा, तेवढाच द्या.