नवीन मोबाईल खरंच नवीन आहे का, दुकानातच पाहून घ्या

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मोबाईल घ्यायला गेले की आधी बिल बनवून घ्या आणि डबा स्वतःच्या हातानं फोडा, दुकानदार म्हणेल मी सेट करून देतो तरी नाही म्हणा. माझ्या मावसभावाला एका दुकानात "सील पॅक" म्हणून दिलेल्या फोनमध्ये आधीचेच दोन फोटो निघाले, पोराने वर्षभर पैसे साठवले होते, लई वाईट वाटलं.

सीलवर भरोसा ठेवू नका, ते परत चिकटवता येते. खरं काम आयएमईआयचं, म्हणजे प्रत्येक फोनच्या वेगळ्या ओळख नंबरचं. फोन चालू करून *#०६# डायल करा, १५ आकडी नंबर येतो, तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी एकेक आकडा जुळवा, ड्युअल सिम असेल तर दोन नंबर राहतात, दोन्ही पाहा. मग केवायएम लिहून (इंग्रजी अक्षरांत) स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा, ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट असेल तर कळते.

आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउटमध्ये मॉडेल नंबर पाहा. पहिलं अक्षर एम म्हणजे नवीन, एफ म्हणजे रिफर्बिश्ड (परत आलेला, ठीकठाक करून पुन्हा विकलेला), एन म्हणजे बदलून दिलेला. वॉरंटी आधीच सुरू झाली असेल तर सरळ विचारा, का बा? चार्जिंगच्या खाचेत ओरखडे असतील तर तो फोन घेऊच नका.