तुराट्यांच्या आचेवरचे भरीत: जळणापासून पानापर्यंत

भरीत बिघडले की दोष बहुधा वांग्याला दिला जातो, पण माझ्या मते तो बहुतेक वेळा जळणाचा असतो. जळगाव, यावल, रावेर, भुसावळ या भागात हिवाळ्यात शेतोशेती भरिताचे बेत होतात, तेव्हा जाणती माणसे वांग्यांच्या आधी काड्यांचा भारा पाहतात. तूर झोडून उरलेल्या तुराट्या आणि कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या हे आपल्याकडचे भरिताचे जळण. ते विकत घ्यावे लागत नाही, मात्र ते निवडून, वाळवून आणि जपून ठेवावे लागते, म्हणून या लेखाची सुरुवात तिथूनच करतो.

तुराटी बारीक, हलकी आणि सरळ असते. ती चटकन पेटते, उंच जाळ देते आणि लवकर विझते. वांग्याला नेमका असाच जाळ हवा असतो, कारण त्यात साल सर्व बाजूंनी पटापट करपते आणि आतला गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. गॅसवर आच एकाच ठिकाणी लागते, त्यामुळे वांगे एकीकडे जळते तर दुसरीकडे कच्चे राहते, शिवाय काडीच्या धुराचा तो मंद वासही येत नाही. बाभळीच्या लाकडाचे निखारे भाकरीसाठी उत्तम असले, तरी त्यांच्या संथ आचेवर वांगे भाजायला वेळ लागतो आणि तोवर त्यातले बरेचसे पाणी आटून जाते.

तूर साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघते. झोडणीनंतर तुराट्या दोन ते तीन आठवडे उन्हात पसरून वाळवाव्यात. काडी वाकवली असता ती कट्‌ आवाज करून मोडली पाहिजे. ती नुसती वाकली, तर अजून ओली आहे आणि तिच्या कडवट धुराने भरीत खराब होईल. वाळलेल्या काड्यांचे भारे बांधून छपराखाली, जमिनीपासून थोडे उंच ठेवावेत, म्हणजे वाळवी लागत नाही. पुढच्या मोसमातली पहिली भरिते याच साठ्यावर होतात, कारण मार्गशीर्षात नवी तूर अजून शेतातच उभी असते.

पऱ्हाटीच्या बाबतीत मात्र दोन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे तिची गंजी वर्षभर बांधावर रचून ठेवू नये, कारण काड्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामातल्या कपाशीवर उतरते. उपटलेली पऱ्हाटी उन्हाळ्याआधी जाळून संपवावी किंवा तिची कुट्टी करून शेतातच कुजवावी. दुसरे म्हणजे कपाशीवर फवारण्या होत असल्याने, शेवटची फवारणी कधी झाली हे माहीत नसलेली पऱ्हाटी अन्नाखाली जाळू नये. दोन्ही प्रकारच्या काड्या हाताशी असतील, तर भरितासाठी तुराटीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वांगी. भरिताचे वांगे मोठे, फिक्या हिरव्या रंगाचे, पांढरट रेघांचे आणि कमी बियांचे असते. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. साल तकतकीत आणि देठ हिरवा व ताजा असावा. एकाच आकाराची दोन वांगी हातात धरून पाहावीत आणि हलके लागेल ते घ्यावे, कारण जड वांग्यात बहुधा बिया भरलेल्या असतात. सालीवर बारीक छिद्र दिसले, तर आत अळी असण्याचा संभव असतो, म्हणून ते वांगे बाजूला ठेवावे. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते खायला सुरुवात होते, आणि खरी चवही त्याच सुमारास, थंडी पडल्यावर येते.

पाच-सहा जणांसाठी 2 किलो वांगी, 12 ते 15 हिरव्या मिरच्या, लसणाचे 2 गड्डे, कांद्याच्या पातीची 1 जुडी, अर्धी वाटी शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे थोडे काप, कोथिंबीर, मीठ आणि पाऊण वाटी शेंगदाण्याचे तेल एवढे साहित्य पुरते. हळद, गरम मसाला किंवा टोमॅटो घालू नये, कारण त्यांनी काडीच्या आचेचा वास झाकला जातो.

भाजण्याची जागा कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला निवडावी आणि जवळ पाण्याची बादली भरून ठेवावी. वांगी धुऊन पुसून घ्यावीत, त्यांना तेलाचा हात लावावा आणि प्रत्येकाला सुरीने किंवा बाभळीच्या काट्याने दोन-तीन ठिकाणी टोचावे; न टोचलेले वांगे आतल्या वाफेने फुटते. देठ काढू नये, कारण वांगे फिरवताना आणि सोलताना तोच हातात धरायचा असतो. जमिनीवर तुराट्यांचा वीतभर जाड थर आडवा-उभा रचून त्यावर वांगी एकमेकांना न चिकटतील अशी मांडावीत आणि खालून वाळलेला पाचोळा घालून जाळ लावावा. रॉकेल किंवा प्लास्टिकचा तुकडा वापरून पेटवू नये, कारण तो वास वांग्यात उतरतो आणि नंतर कशानेही जात नाही.

जाळ बसू लागला की मूठ-मूठ काड्या बाजूने सरकवत राहाव्यात आणि लांब काठीने वांगी फिरवत राहावे. मोठे वांगे भाजायला साधारण 15 ते 20 मिनिटे लागतात. सगळी साल काळी पडते, वांगे लिबलिबीत होऊन खाली बसते आणि देठापाशी रसाचे बुडबुडे येतात. पोटाचा भाग लवकर मऊ होतो, पण देठाजवळचा गर कच्चा राहू शकतो, म्हणून काठीने दाबून पाहायचे ते देठाच्या बाजूला. भाजलेली वांगी परातीत घेऊन थोडा वेळ झाकून ठेवावीत, म्हणजे साल आपोआप सुटते. सोलताना पाण्याखाली धरू नयेत. बोटांना पाण्याचा हात लावून साल काढावी, आणि तिचे दोन-चार काळे कण गरात राहिले तरी बिघडत नाही.

ठेचण्यासाठी बडगी, म्हणजे लाकडी खोलगट भांडे, आणि मुसळ वापरतात. तव्यावर भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ आधी ठेचून घ्यावे, मग वांगी घालून गराचे धागे दिसतील इतपतच ठेचावे. मिक्सरमध्ये गराचा चिकट लगदा होतो, त्यामुळे बडगी नसेल तर पातेल्यात रवीने किंवा वाटीच्या बुडाने घोटणे अधिक बरे. कढईत तेल तापवून शेंगदाणे व खोबरे तळावे, मग चिरलेली पात घालून ती जराशी नरमली की ठेचलेले वांगे घालावे आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परतून वरून कोथिंबीर पेरावी.

सोबत ज्वारी आणि अख्ख्या उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी असावी. वाढण्यासाठी केळीचे पान घ्यायचे, तर ते घड काढून झालेल्या खांबाचे घ्यावे. घड भरत असलेल्या झाडाची पाने तोडली, तर त्या घडाचे पोषण कमी होते. उरलेल्या राखेवर पान क्षणभर शेकून घेतले, की ते नरम पडते आणि वाढताना फाटत नाही. जेवणानंतर पाने गुरांना घालावीत. वांग्याच्या जळक्या साली खताच्या खड्ड्यात टाकाव्यात आणि राख पूर्ण थंड झाल्यावर चाळून डब्यात भरून ठेवावी, म्हणजे ती भांडी घासायला आणि परसातल्या भाजीच्या वाफ्यात टाकायला उपयोगी पडते.