शेवटच्या गाडीचं वेळापत्रक

जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी पहिल्या वर्षी मी केलेलं वेळापत्रक दिसायला फार देखणं होतं. पाच चेकपॉइंट, ३२ गाड्या, प्रत्येक गाडीपुढे पाच वेळा आणि सगळ्या मिनिटापर्यंत नेमक्या. रकाने रंगीत. रॅलीच्या दिवशी सकाळी दहापर्यंत त्यातली एकही वेळ खरी उरली नव्हती. दुसऱ्या चेकपॉइंटवरच्या स्वयंसेवकांनी कागदावरची वेळ संपली म्हणून टेबल-खुर्च्या आवरल्या आणि ते पुढे निघून गेले. त्यानंतर तिथे सात गाड्या आल्या. त्यातल्या एकीचा रेडिएटर उकळत होता आणि साधं पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

मी मूळची गाड्यांमधली नाही. माझ्याकडे स्वतःची जुनी गाडी आजही नाही. मी हिशेबाच्या कामातली, म्हणून "तुला एक्सेल येतं ना?" एवढ्या एका प्रश्नावर हे काम माझ्या गळ्यात पडलं. मदतनिधीसाठी निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या लांब पल्ल्याच्या रॅलीत वेळा ठरवायचं काम पहिल्यांदाच तुमच्याकडे आलं असेल, तर मला जे चुकून चुकून कळलं ते तुम्हाला आधीच सांगते.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे मोबाइलवरच्या नकाशाने दाखवलेला वेळ विसरा. तो आजच्या गाडीचा वेळ असतो. आमचा एका दिवसाचा मार्ग २४० किलोमीटरचा. नकाशा पाच तासांच्या आत दाखवत होता, मी उदार होऊन पाच तास धरले. म्हणजे ताशी ४८ किलोमीटरची सरासरी. एका गाडीमालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "माझी गाडी साठने आरामात जाते की." खोटं नव्हतं ते. साठने जाते, पण सपाट रस्त्यावर, समोर कुणी नसताना. चढाला तीसवर येते. उताराला वेग भरून काढू म्हणाल तर तेही नाही, कारण जुने ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात आणि तापले की धरत नाहीत. शहाणा चालक उतारही खालच्या गिअरमध्येच उतरतो.

इथे सरासरीचं गणित फसवतं. ३० किलोमीटर ताशी ६० ने आणि पुढचे ३० किलोमीटर ताशी ३० ने कापले, तर सरासरी किती? पटकन ४५ म्हणाल. पण पहिल्याला अर्धा तास लागला, दुसऱ्याला एक. ६० किलोमीटरला दीड तास, म्हणजे सरासरी ४०. हळू चाललेला रस्ता जास्त वेळ खातो, म्हणून सरासरी कायम त्याच्याकडे झुकते. वेगांची सरासरी काढू नका. प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ काढा आणि वेळांची बेरीज करा. हिशेबातली असून ही चूक मी दोन महिने केली, हे इथे कबूल करते.

आता मी दोनच वेग धरते. बरी चालणारी गाडी ताशी ४५, सगळ्यात संथ गाडी ताशी ३०. बाकीच्या सगळ्या या दोघींच्या मध्ये कुठेतरी. त्यामुळे प्रत्येक चेकपॉइंटला एक वेळ नसते, दोन असतात, उघडण्याची आणि बंद होण्याची. ही कल्पना माझी नाही, लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांची आहे. त्यांच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब फेरीत, पहिल्या २०० किलोमीटरपर्यंतचा चेकपॉइंट ताशी ३४ च्या हिशेबाने उघडतो आणि, सुरुवातीचे किलोमीटर सोडले तर, ताशी १५ च्या हिशेबाने बंद होतो. १२० किलोमीटरवरचा चेकपॉइंट सुटल्यापासून ३ तास ३२ मिनिटांनी उघडतो आणि ८ तासांनी बंद होतो. केवढी मोठी खिडकी! माझ्या मिनिटापर्यंतच्या रकान्यांची मला तेव्हा लाज वाटली होती.

आमच्याकडे ही खिडकी कशी रुंदावत जाते ते बघा. ३२ गाड्या, दर मिनिटाला एक. पहिली सातला सुटली तर शेवटची ७:३१ ला. पहिला टप्पा ५४ किलोमीटरचा. वेगवान गाडीला ७२ मिनिटं, संथ गाडीला १०८. वेगवान पहिली सुटली असेल तर ती ८:१२ ला पोहोचते आणि संथ शेवटची सुटली असेल तर ती ९:१९ ला. म्हणजे ६७ मिनिटांचा फरक. तिथे दोघींनाही २० मिनिटांचा थांबा, मग ४८ किलोमीटरचा दुसरा टप्पा. दुसऱ्या चेकपॉइंटवर पहिली ९:३६ ला, शेवटची ११:१५ ला. फरक ९९ मिनिटांवर गेला. पहिल्या वर्षी आमचे स्वयंसेवक निघून गेले ते याच खिंडारातून.

उपाय सोपा निघाला. संथ गाड्या आधी सोडायच्या. इटलीच्या मिले मिलिया या जुन्या मोटार शर्यतीत हेच चालायचं. लहान, कमी ताकदीच्या गाड्या आदल्या रात्रीच सुटायच्या, सगळ्यात वेगवान सकाळी. गाडीवरचा क्रमांक म्हणजेच तिची सुटण्याची वेळ. १९५५ साली ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवर ७२२ लिहिलं होतं, कारण ती सकाळी ७:२२ ला सुटली. (ती अर्थात शर्यत होती. मॉसने सुमारे १६०० किलोमीटर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापले. आपल्याला तसलं काहीही करायचं नाही.) पण क्रमांकात वेळ लिहिण्याची युक्ती मात्र मी उचलली. मार्शलला, म्हणजे चेकपॉइंटवर नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकाला, गाडी बघून कळतं की ही कितीला सुटली आणि कधी यायला हवी. यादी उलटीपालटी करावी लागत नाही.

मात्र यातही एक गोम आहे. संथ गाडी सातला आणि वेगवान ७:३१ ला सोडली, तर पहिली ८:४८ ला पोहोचते आणि दुसरी ८:४३ ला. मधल्या गाड्याही याच सुमाराला येतात. खिडकी इतकी अरुंद होते की ३२ गाड्या एकदम दारात. जागा १५ गाड्यांची असेल तर बाकीच्या रस्त्यावर रांगेत उभ्या, इंजिन चालू ठेवून. जुन्या गाडीचा पंखा इंजिनावरच फिरतो, त्यामुळे जागच्या जागी तो हळू फिरतो आणि गाडी तापते. डायनॅमो असलेल्या गाडीत तर मंद फिरणाऱ्या इंजिनावर बॅटरी जवळजवळ भरतच नाही. म्हणून आम्ही संथ गाड्यांचा गट सोडल्यावर थोडा वेळ जाऊ देतो आणि मगच बाकीच्या सोडतो. किती वेळ, ते चेकपॉइंटवरच्या जागेवरून ठरवा. वेळापत्रक करणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन गाड्या लावायची जागा पावलांनी मोजावी, हे मी आग्रहाने सांगेन.

थांबा किती ठेवावा, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. मेकॅनिक मंडळींकडून मला कळलेलं असं. गरम इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि धातूतली उष्णता सगळीकडे पसरते. ती कार्बोरेटरपर्यंत आणि पेट्रोलच्या नळीपर्यंत जाते. पेट्रोलची वाफ होते, आणि इंजिनावर चालणारा जुना पंप वाफ खेचू शकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. याचा त्रास गाडी बंद केल्यावर लगेच होत नाही, थोड्या वेळाने होतो. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचा थांबा हा त्यासाठी अगदी चुकीचा आकडा. मग आम्ही वीसच का ठेवतो? कारण माणसांना तेवढा लागतो. पण तापट गाड्यांच्या मालकांना सांगून ठेवतो की बॉनेट उघडं ठेवा, सावलीत लावा, आणि गाडी सुरू झाली नाही तर घाबरून स्टार्टर मारत बसू नका, आणखी वीस मिनिटं वाट बघा. ती जादा वीस मिनिटं माझ्या कागदावर आधीच धरलेली असतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मात्र मार्शलनाही पाठ हवं.

मोकळा वेळ टप्प्यात ठेवू नका, थांब्यात ठेवा. टप्प्याला उगाच दहा मिनिटं जास्त दिली, तर गाड्या लवकर येतात आणि दारात गर्दी करतात. थांब्यात दहा मिनिटं ठेवली, तर उशिरा आलेली गाडी ती वापरते आणि बाकीचे पाय मोकळे करतात.

पेट्रोलचा वेळ नवखे हमखास विसरतात. ३२ गाड्या, दोन नळ, गाडीमागे चार मिनिटं. झाले ६४ मिनिटं. सगळ्या गाड्यांना एकाच पंपावर पाठवलं की तुमचं वेळापत्रक तिथेच संपलं. आम्ही टाकी भरूनच यायला सांगतो आणि मार्गावरचे तीन पंप गटवार वाटून देतो.

दिवसाचा हिशेब मी आता सूर्यास्तापासून मागे करते. अनेक जुन्या गाड्यांचे दिवे सहा व्होल्टचे, त्यांच्या उजेडात अनोळखी रस्त्यावर जायला लावणं मला पटत नाही. संथ गाडीला २४० किलोमीटरला आठ तास. चार थांबे, त्यातले तीन २० मिनिटांचे आणि जेवणाचा एक तासाचा, मिळून दोन तास. सातला सुटली तर पाचला पोहोचते. सूर्यास्त सहाच्या पुढे असेल तरच हा मार्ग त्या दिवशी ठेवायचा. नाहीतर किलोमीटर कमी करायचे. वेग वाढवायचा नाही. लंडन ते ब्रायटनची गाड्यांची प्रसिद्ध फेरी १९०५ च्या आधीच्या गाड्यांसाठी असते. जेमतेम ९६ किलोमीटरची, पण ती सूर्योदयाला सुटते आणि पोहोचायला दुपारी साडेचारपर्यंत मुभा असते. इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेली ती सवड आहे. आमच्या समितीत कुणी "एवढा वेळ कशाला?" म्हणालं की मी हे उदाहरण पुढे करते.

जेवणाचा थांबा हा दिवसाचा सांधा. आमच्याकडे तो १५० किलोमीटरवर आहे. वेगवान गाड्या साडेअकराच्या सुमाराला पोहोचतात, सगळ्यात संथ गाडी १२:४० ला. मदतनिधी सुपूर्द करण्याचा कार्यक्रम पूर्वी आम्ही बाराला ठेवायचो, पाहुण्यांच्या सोयीने. म्हणजे सगळ्यात जुन्या गाड्या, ज्यांना बघायला माणसं आलेली असतात, त्याच कार्यक्रमाला नसायच्या. आता कार्यक्रम १२:५० ला. पाहुण्यांना आधीच सांगतो. जेवणानंतर पुन्हा संथ गाड्या आधी, १:४० ला, आणि वेगवान गाड्या अर्ध्या तासाने. त्या तरीही संध्याकाळी साडेचारला पोहोचतात. वेगवान गाड्यांना दुपारी अडीच तासांहून जास्त मिळतात याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. उलट निधीच्या डब्यात सगळ्यात जास्त पैसे त्याच वेळात पडतात, कारण गाड्या उभ्या असतात आणि मालक गप्पांना मोकळे असतात.

वाटेत गाड्या बघायला उभ्या राहणाऱ्या लोकांना, शाळेच्या मुलांना, कधीही नेमकी वेळ सांगू नका. "सव्वाआठ ते साडेनऊच्या दरम्यान" एवढंच सांगा. "८:२० ला" म्हणालात की ८:२५ ला फोन सुरू होतात.

चालकांच्या हातात आम्ही फक्त बंद होण्याच्या वेळा देतो. उघडण्याच्या वेळा मार्शलकडे असतात. दोन वेळांची पद्धत सुरू केली त्या वर्षी दोन्ही छापल्या होत्या, आणि काहींनी उघडण्याची वेळ गाठायची म्हणून गाड्या दामटल्या. सार्वजनिक रस्ता आहे, शर्यत नाही, हे भाषणात सांगून उपयोग नसतो. लवकर येण्यात काही फायदाच नसेल तर आपोआप कळतं. लवकर आलेल्या गाडीचं चेकपॉइंटच्या शिक्क्यांचं पत्रक उघडण्याची वेळ होईपर्यंत शिक्क्याशिवाय तसंच राहतं, आणि वेळेसाठी आमच्याकडे एकही बक्षीस नाही.

रूटबुकातली, म्हणजे चालकाला दिलेल्या मार्गाच्या वहीतली, अंतरं प्रत्येक चेकपॉइंटला शून्यापासून सुरू करा. जुन्या गाडीचा मीटर तीन टक्क्यांनी चुकला, तरी ५४ किलोमीटरला दीड किलोमीटरहून जास्त फरक पडतो, आणि तेवढ्यात एक वळण सहज चुकतं. रेकी, म्हणजे मार्गाची आधी जाऊन केलेली पाहणी, दोनदा करा. एकदा कुठल्याही गाडीने, पण रॅलीच्याच वारी आणि त्याच वेळी. रेल्वेचं फाटक, शाळा सुटण्याची वेळ, सकाळी उन्हाकडे तोंड असलेला रस्ता हे नकाशात नसतं. दुसऱ्यांदा खरोखरच्या संथ गाडीत मालकाशेजारी बसून. दुसऱ्या रेकीत मी एकही आकडा बदलला नाही, असं कधी झालेलं नाही.

मार्शलची घड्याळं आदल्या संध्याकाळी फोनवरच्या वेळेला जुळवतो. नोंद साधी असते: गाडीचा क्रमांक, आली कधी, गेली कधी. आणि एक नियम, जो पहिल्या वर्षीच्या त्या सात गाड्यांमुळे आला. बंद होण्याची वेळ झाली तरी मार्शलने जायचं नाही. त्या वेळेला त्याने यादीवर न आलेल्या गाड्यांना फोन लावायचा आणि सगळ्यांच्या मागून येणाऱ्या मदतगाडीला त्यांचे क्रमांक कळवायचे. ती गाडी समोर येऊन "माझ्यामागे कुणी नाही" म्हणाली की मगच टेबल उचलायचं.

रॅली झाल्यावर आठवड्याभरात मार्शलचे कागद गोळा करा, नाहीतर ते हरवतात. ठरवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी शेजारी लिहा. आमच्या चौथ्या टप्प्याला तीन वर्षं सलग, सगळ्याच गाड्यांना, ठरलेल्यापेक्षा बारा-एक मिनिटं जास्त लागत आहेत. रस्ता सपाट आहे, फाटक नाही, शाळा नाही. दोनदा जाऊन पाहिलं. कारण काही सापडलं नाही, पण यंदा कागदावर बारा मिनिटं वाढवली आहेत.