लंडन, १९२१ : कॉलिन्सच्या वाटाघाटी वर्गात कशा उभ्या कराव्यात

ऑक्टोबर ते डिसेंबर १९२१ या काळात ब्रिटिश सरकार आणि आयरिश बंडखोर यांच्यात लंडनला ज्या वाटाघाटी झाल्या, त्या नुसत्या वाचून शिकवल्या तर विद्यार्थ्यांच्या हाती तहाची कलमे आणि ६ डिसेंबर ही तारीख एवढेच उरते. म्हणून त्या वर्गात खेळून पाहाव्यात, असे मला वाटते. पदवीच्या वर्गातील पंधरा-वीस विद्यार्थी, शेजारशेजारच्या दोन खोल्या आणि दोन दुपारी एवढ्या भांडवलावर हा प्रयोग नीट होतो. खोल्या दोनच हव्यात आणि त्यांच्यामधले दार बंद हवे, कारण या वाटाघाटींची सगळी गुंतागुंत लंडन आणि डब्लिन यांच्यातल्या अंतरात आहे. एकाच खोलीत दोन्ही बाजू बसवल्या की प्रयोगाची वादविवाद स्पर्धा होते.

प्रयोगाच्या केंद्रस्थानी मायकेल कॉलिन्स आहे. ही भूमिका कोणाला द्यावी, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. पहिल्या वर्षी मी ती वक्तृत्वाची बक्षिसे मिळवणाऱ्या एका मुलाला दिली आणि पस्तावलो. त्याने अर्ध्या तासात भाषण ठोकून टाळ्या घेतल्या आणि वाटाघाटी तिथेच संपल्या. कॉलिन्स कसलेला मुत्सद्दी नव्हता. पंधराव्या वर्षी लंडनला येऊन पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनी केलेला, पुढे आयरिश प्रजासत्ताकाची हेरयंत्रणा उभारणारा, आणि ज्याच्या माणसांनी २१ नोव्हेंबर १९२० च्या सकाळी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेर म्हणून हेरून ठेवलेल्या माणसांना घरात घुसून गोळ्या घातल्या, असा तो एकतीस वर्षांचा भूमिगत सेनानी होता. वाटाघाटींना जाण्याची त्याची इच्छा नव्हती आणि त्याने तसे बोलूनही दाखवले होते. तेव्हा कमी बोलणारा, हिशेबाला पक्का आणि मनातून थोडा नाखूश असलेला विद्यार्थी निवडावा.

बाकीच्या भूमिका सोप्या आहेत. आयरिश बाजूला शिष्टमंडळाचा प्रमुख आर्थर ग्रिफिथ, रॉबर्ट बार्टन, एमन डगन आणि गॅव्हन डफी. शिवाय सचिव म्हणून अर्स्किन चाइल्डर्स, ज्याला सहीचा अधिकार नाही, पण प्रत्येक सवलत सलते. ब्रिटिश बाजूला पंतप्रधान लॉइड जॉर्ज, बर्कनहेड, ऑस्टिन चेंबरलेन आणि चर्चिल एवढे चौघे पुरतात. दुसऱ्या खोलीत, म्हणजे डब्लिनमध्ये, आयरिश प्रजासत्ताकाचा अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा, कॅहल ब्रूआ, ऑस्टिन स्टॅक आणि कॉसग्रेव्ह बसतील. सात जणांच्या आयरिश मंत्रिमंडळापैकी तिघे लंडनला आणि चौघे घरी, ही विभागणी फळ्यावर लिहून ठेवावी. शेवटी तिचाच उपयोग होतो. दोन खोल्यांमध्ये निरोप पोचवायला एक निरोप्या नेमावा आणि प्रत्येक चिठ्ठी त्याने वीस मिनिटे स्वतःजवळ ठेवूनच पुढे द्यावी. बोटीने आणि रेल्वेने जाणाऱ्या टपालाचा हा ढोबळ हिशेब आहे.

आता कागद. आयरिश प्रतिनिधींना सुरुवातीलाच दोन कागद द्यावेत आणि दोन्ही मोठ्याने वाचायला लावावेत. पहिला अधिकारपत्राचा, ज्यात त्यांना तह करण्याचे पूर्ण अधिकार दिले आहेत. दुसरा ७ ऑक्टोबरच्या सूचनांचा, ज्यात मुख्य प्रश्नांवर अंतिम निर्णय घेण्यापूर्वी डब्लिनला कळवावे, उत्तराची वाट पाहावी, आणि सही करायच्या तहाचा पूर्ण मसुदाही आधी पाठवून उत्तर येईपर्यंत थांबावे, असे सांगितले आहे. विद्यार्थी लगेच विचारतात, ‘सर, यातला खरा कोणता?’ याचे उत्तर देऊ नये. त्या वर्षी ते कोणी दिले नव्हते आणि डी व्हॅलेरा, जो जुलैमध्ये स्वतः लॉइड जॉर्जशी बोलून आला होता, तो ऑक्टोबरमध्ये मात्र घरीच राहिला होता. माझ्या मते कॉलिन्सची खरी झुंज टेबलापलीकडच्या चौघांशी होती त्याहून अधिक स्वतःच्या खिशातल्या या दोन कागदांशी होती, आणि सगळा प्रयोग याच गोष्टीभोवती बांधावा.

यांखेरीज तीन बंद लिफाफे तयार करावेत. कॉलिन्सच्या लिफाफ्यात तीन ओळी असतात. ११ जुलैचा युद्धविराम मोडला तर दारूगोळा फार दिवस पुरणार नाही. आजवर पोलिसांना ज्याचा चेहरा ठाऊक नव्हता, त्याची छायाचित्रे लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आली आहेत, म्हणजे पुन्हा भूमिगत होणे अवघड आहे. आणि तो आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड या गुप्त संघटनेचा प्रमुख आहे, त्यामुळे मंत्रिमंडळाबाहेरही त्याचे ऐकणारी माणसे आहेत. यांतले काय सांगायचे आणि काय गिळायचे, हे त्यानेच ठरवावे. पहिल्या ओळीबद्दल विद्यार्थी शंका काढतात, कारण त्यांच्या डोक्यात अजिंक्य गनिमांची चित्रे असतात. त्यांना सेनाप्रमुख रिचर्ड मल्केहीने पुढे संसदेत दिलेली कबुली सांगावी : बऱ्यापैकी मोठ्या पोलीस ठाण्यापलीकडे शत्रूला कुठूनही हुसकावता आलेले नाही. (आमच्या मुलांना इथे हटकून पुरंदरचा तह आठवतो. तुलना मोहक आहे, पण ती प्रयोग संपेपर्यंत थांबवावी, नाहीतर कॉलिन्सच्या तोंडी महाराजांची भाषा येते.)

दुसरा लिफाफा लॉइड जॉर्जचा. त्याचे सरकार कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांच्या टेकूवर उभे आहे. प्रजासत्ताक मान्य केले किंवा ब्रिटनशीच जोडून राहू पाहणाऱ्या उत्तरेकडच्या अल्स्टरवर जबरदस्ती केली तर टेकू निघतो, आणि तह झालाच नाही तर त्याला महागडे, बदनाम झालेले युद्ध पुन्हा सुरू करावे लागते. तिसरा लिफाफा ग्रिफिथचा, आणि तो खेळाच्या मध्यावर द्यावा. त्यात असे असते की नोव्हेंबरमध्ये त्याने सीमा आयोगाच्या, म्हणजे उत्तर आणि दक्षिण आयर्लंडमधली सीमा नव्याने ठरवणाऱ्या आयोगाच्या, प्रस्तावाला आपण आडवे येणार नाही, असे लॉइड जॉर्जला कबूल करून एका टिपणाला मान्यता दिली आहे. हा लिफाफा मिळाल्यावर ग्रिफिथ झालेला विद्यार्थी सहसा गप्प होतो, आणि त्याला बोलते करू नये.

पहिली भेट जशी झाली तशीच घ्यावी. ११ ऑक्टोबरला डाउनिंग स्ट्रीटवर लॉइड जॉर्जने दाराशी आयरिश प्रतिनिधींशी हस्तांदोलन केले आणि त्यांना टेबलाच्या त्यांच्या बाजूला नेले. त्याचे सहकारी आधीच पलीकडे उभे होते, त्यामुळे ज्यांच्या फौजा कालपर्यंत एकमेकांना मारत होत्या त्यांनी हात मिळवायचे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. टेबल रुंद घ्यावे. पहिल्या तासात सगळे एकत्र बसतील. नंतर फक्त ग्रिफिथ आणि कॉलिन्स यांना आत बोलवावे आणि उरलेल्या तिघांना बाहेर ठेवावे. २४ ऑक्टोबरनंतर सर्वसाधारण बैठका थांबून अशाच छोट्या बैठका सुरू झाल्या. बाहेर बसलेल्यांची चिडचिड हा प्रयोगाचा भागच आहे.

मुद्द्यांपैकी बंदरे आणि व्यापार झटपट उरकावेत. वेळ द्यावा तो दोन गोष्टींना. एक राजाची शपथ. डी व्हॅलेराचा तोडगा समजावताना मी फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढतो, त्याच्या आत छोटी वर्तुळे म्हणजे कॅनडा वगैरे, आणि बाहेरून नुसते टेकलेले एक वर्तुळ म्हणजे आयर्लंड : घरात प्रजासत्ताक, बाहेरच्या कामांपुरते साम्राज्याशी संलग्न. ब्रिटिशांना वर्तुळ आत हवे होते. शेवटी ठरलेल्या शपथेत खरी निष्ठा आधी आयरिश फ्री स्टेटच्या, म्हणजे तहाने निर्माण होणाऱ्या नव्या राज्याच्या, राज्यघटनेला वाहिली आहे आणि मग राजाशी विश्वासू राहण्याचे वचन आहे. या क्रमासाठी किती घासाघीस करावी लागली असेल, ते विद्यार्थ्यांना स्वतः मसुदा लिहायला लावल्याशिवाय कळत नाही. दुसरी गोष्ट अल्स्टर. फाळणी १९२० च्या कायद्याने झालेलीच होती आणि उत्तरेची संसद जूनमध्ये सुरूही झाली होती. आयरिश बाजूचा बेत असा होता की बोलणी मोडायचीच असतील तर ती अल्स्टरवर मोडावीत. सीमा आयोगाने आणि ग्रिफिथच्या टिपणाने नेमकी तीच वाट बुजवली.

५ डिसेंबरची रात्र दुसऱ्या दुपारच्या शेवटी, शक्यतो अंधार पडता पडता घ्यावी. लॉइड जॉर्जने दोन पत्रे हातात धरावीत आणि सांगावे की उत्तर आयर्लंडचा पंतप्रधान क्रेग याला यांतले एक आजच रात्री पाठवायचे आहे. एकात तह झाल्याचे लिहिले आहे, दुसऱ्यात झाला नसल्याचे, आणि दुसरे गेले तर तीन दिवसांत युद्ध. त्यापूर्वी त्याने ग्रिफिथला त्या टिपणाची आठवण द्यावी. मग पाचही प्रतिनिधींना चाळीस मिनिटांसाठी एका वेगळ्या कोपऱ्यात पाठवावे. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक टेलिफोन ठेवावा आणि त्याच्याबद्दल चकार शब्द काढू नये. मी हा प्रयोग सहा वेळा घेतला. फोन उचलावासा वाटला तो फक्त एका मुलीला, आणि तिलाही बाकीच्यांनी ‘वेळ नाही’ म्हणून थांबवले. लंडनमध्ये त्या रात्री डब्लिनला कोणीही फोन केला नाही. ग्रिफिथ सही करणार होताच, कॉलिन्स तयार झाला, डगन त्याच्या मागे गेला. बार्टन आणि डफी तासन्‌तास अडले आणि अखेर नमले. मध्यरात्र उलटून दोन वाजल्यानंतर सह्या झाल्या.

तुमच्या वर्गाने सही नाकारली तरी प्रयोग बिघडत नाही. फक्त पुढचे तीन दिवस कसे लढायचे, ते कॉलिन्सला विचारावे. सही झाली तर कागद निरोप्याबरोबर डब्लिनच्या खोलीत पाठवावा आणि दार पहिल्यांदाच उघडावे. तिथे सातही मंत्र्यांचे मतदान घ्यावे. खरे मतदान चार विरुद्ध तीन झाले : ग्रिफिथ, कॉलिन्स, बार्टन आणि घरी बसलेला कॉसग्रेव्ह एका बाजूला. त्यानंतर उरलेल्या सगळ्या वर्गाला आयरिश संसद समजून कॉलिन्सला दहा मिनिटे द्यावीत. हे अंतिम स्वातंत्र्य नाही, ते मिळवण्याचे स्वातंत्र्य आहे, हा त्याचा युक्तिवाद त्याला आधी सांगू नये; तो स्वतः कुठवर पोचतो ते पाहावे. मते मोजून झाल्यावर शेजारी ७ जानेवारी १९२२ ची खरी मते लिहावीत, ६४ आणि ५७, आणि ज्यांनी विरुद्ध मत दिले त्यांना विचारावे की आता ते कोणत्या खोलीत बसणार.