८ ओमच्या लेबलवर जाऊ नका: चालवायला जड स्पीकरला अँप जोडताना या चुका टाळा

सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, थंडीत घेतलेला अँप (अ‍ॅम्प्लिफायर) मार्चपर्यंत झकास वाजतो. एप्रिलच्या एखाद्या दुपारी आवाज जरा वाढवला की ‘टक्’ करून प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो. लगेच सल्ला मिळतो, ‘अँप गेला, बदला.’ अँप बहुतेकदा धडधाकट असतो; स्पीकर त्याला झेपत नसतो.

मुख्य घोळ स्पीकरमागच्या ‘८ ओम’ या लेबलात आहे. इम्पिडन्स, म्हणजे स्पीकरचा करंटला होणारा विरोध (ओममध्ये मोजतात), प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो, लेबलवरचा आकडा नाममात्र. बी अँड डब्ल्यू कंपनीचा ८०१ डी४ हा स्पीकर कागदावर ८ ओमचा. किमान ३ ओम हे कंपनीच छापते. तेवढ्याच व्होल्टेजला ३ ओमवर अडीचपटीहून जास्त करंट लागतो. त्याच फ्रिक्वेन्सीला फेज अँगलही वाकडा असेल (व्होल्टेज आणि करंट मागेपुढे पडत असतील), तर आउटपुट ट्रान्झिस्टर आणखी तापतात. मल्टिमीटर लावून खात्री करू म्हणाल, तर तो फक्त डीसी रेझिस्टन्स दाखवतो. त्यातून शॉर्ट सापडेल, इम्पिडन्स खाली जातो तो खड्डा सापडणार नाही. त्यासाठी इम्पिडन्सचा ग्राफच बघावा लागतो.

अँपच्या माहितीपत्रकात दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. ८ ओमला १०० वॅट आणि ४ ओमला २०० च्या आसपास असेल, तर पॉवर सप्लाय दमदार. १०० चे जेमतेम १२० होत असतील, तर अवघड स्पीकरला तो पुरणार नाही. ४ ओमचा आकडाच दिला नसेल, तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. (पीएमपीओ वॅट, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, सांगणाऱ्याला तर नमस्कारही नको.)

सेन्सिटिव्हिटीतही, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला स्पीकर किती मोठ्याने वाजतो या आकड्यातही, अशीच मेख आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओमला १ वॅट, पण ४ ओमला २ वॅट. त्यामुळे ४ ओमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल लिहिलं असेल, तर एका वॅटला ८३ च धरा. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात.

जोर वाढवायला अँप ब्रिज करणं, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवणं, ही तर उलटी वाट. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्मा इम्पिडन्स दिसतो, ४ ओमचा स्पीकर २ ओमचा होतो.

आता आपल्या गावचा भाग. पुण्यात डेमो ऐकला तो एसी खोलीत. इथे मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश. हीटसिंक (अँपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) खोलीच्या तापमानावर चढत जातो, म्हणजे सुरुवातच पंधरा-वीस अंश वरून. त्यात अँप शोकेसच्या काचेआड, वर सोलापुरी चादरीची घडी! वर आणि मागे वीतभर जागा मोकळी हवीच. संध्याकाळी व्होल्टेजही मोजा. २३० चे २०० झाले, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपची ताकद साधारण पाऊणच उरते. मग क्लिपिंग (ताकद संपून आवाजाच्या लहरीचे शेंडे कापले जाणं) लवकर सुरू होतं आणि बिचारा ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जळतो. स्टॅबिलायझर लावायचा तर गरजेपेक्षा मोठा घ्या. छोटा स्टॅबिलायझर बासच्या ठोक्याला स्वतःच दमतो.

दोष शोधताना टेबलफॅनचा झोत हीटसिंकवर सोडा आणि तेच गाणं तेवढ्याच आवाजात लावा. बंद पडायला जास्त वेळ लागला, तर कारण उष्णता. फॅन असूनही नेमका बासच्या ठोक्याला उडत असेल, तर करंट कमी पडतोय. अगदी हळू आवाजातही उडत असेल, तर अँप बंद करून टर्मिनलमध्ये तारेचा सुटा केस दुसऱ्याला चिकटलाय का बघा. मग स्पीकरच्या वायर काढून चालू करा. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपवर मात्र हा प्रयोग करू नका. वायर काढूनही प्रोटेक्शन सुटलं नाही, तर तेव्हा खुशाल रिपेअरवाल्याकडे न्या.