व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूत एसएसएचने शिरताना

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या उबुंटूच्या आत आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १०.०.२.१५ दिसतो, पण आपल्या मूळ डेस्कटॉपवरून त्या पत्त्यावर एसएसएच (टर्मिनलमधून दुसऱ्या संगणकात शिरायची सोय) काही केल्या लागत नाही. कारण व्हर्च्युअलबॉक्सची नेहमीची ‘नॅट’ जोडणी उबुंटूला बाहेर जाऊ देते, पण बाहेरून आत येऊच देत नाही. ब्रिज्डच्या (उबुंटूला थेट घरच्या नेटवर्कवर जोडण्याच्या) भानगडीत न पडता एवढं करा:

१. उबुंटूत ओपनएसएसएच-सर्व्हर टाका.

२. मशीनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग पोर्ट फॉरवर्डिंग (एका पोर्टवर आलेली जोडणी दुसरीकडे पाठवणं). इथे होस्ट म्हणजे आपला मूळ संगणक, गेस्ट म्हणजे आतला उबुंटू. नवा नियम: टीसीपी, होस्ट आयपी १२७.०.०.१, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२. गेस्ट आयपी रिकामा सोडा. मशीन बंद करायची गरज नाही.

३. मूळ संगणकाच्या टर्मिनलमधून १२७.०.०.१ वर (म्हणजे स्वतःच्याच संगणकावर), पोर्ट २२२२ देऊन जोडा. पोर्टसाठी एसएसएचला लहान पी लागतो, एससीपीला (एसएसएचवरून फाइल पाठवायची आज्ञा) कॅपिटल. इथे हमखास गफलत होते.

होस्ट आयपी मात्र रिकामा ठेवू नका, नाहीतर त्याच वायफायवरच्या इतरांनाही हे दार उघडं मिळू शकतं.