आगबोटीच्या मॉडेलवर भाररेषा रंगवताना या चुका टाळा

लातूर-परभणीकडच्या शाळांतून विज्ञान प्रदर्शनासाठी आगबोट करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. बोट देखणी होते, पण तिच्या कुशीवरची प्लिमसोलची खूण, म्हणजेच भाररेषा, चुकते. माल भरल्यावर बोट जास्तीत जास्त कुठपर्यंत बुडू द्यायची ते ही खूण दाखवते: आडवी रेषा मारलेलं वर्तुळ आणि शेजारी वेगवेगळ्या पाण्यांसाठी व ऋतूंसाठी अक्षरं लिहिलेल्या रेषांची शिडी. ती शोभेची नाही. मालक वाटेल तेवढा माल भरून, विमा उतरवून बोटी समुद्रात सोडायचे आणि खलाशी बुडायचे. त्यांच्यासाठी सॅम्युअल प्लिमसोल ब्रिटिश संसदेत झगडले, म्हणून ती आली.

सगळ्यात जास्त चुकतं ते बाजूंचं. एकच चित्र दोन्हीकडे चिकटवू नका. वर्तुळाशेजारची रेषांची शिडी नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाकडे असते. बोटीची उजवी कूस बाहेरून पाहिली तर शिडी वर्तुळाच्या उजवीकडे, डाव्या कुशीवर डावीकडे. स्टेन्सिल उलटं केलं तर अक्षरंही उलटी पडतात. ती वेगळी लिहा.

मग साल. १८७० ची बोट असेल तर ही खूण नकोच. १८७६ च्या कायद्याने ती सक्तीची झाली, तरी ती किती उंचीवर काढायची हे मालकच ठरवायचा! ती मोकळीक १८९० मध्ये गेली. त्यानंतरच्या जुन्या ब्रिटिश बोटींवर आजच्या 'टी'च्या (ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण कटिबंधातल्या समुद्रासाठीची रेषा) जागी 'आयएस', म्हणजे इंडियन समर, असे. 'टी' १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारानंतरचा.

वर्तुळ रुपयाएवढं काढू नका. खरं वर्तुळ १२ इंचांचं, आडवी रेषा १८ इंचांची. १:१०० च्या मॉडेलवर ३ मिमी आणि साडेचार मिमी.

खाऱ्या पाण्यात बोट कमी बुडते हे प्रदर्शनात दाखवायला गेलं की "मीठ घातलं तरी बोट वर येत नाही," ही तक्रार हमखास येते. नाथसागराचं असो वा बोअरचं, आपलं पाणी गोडं. समुद्राचं पाणी त्याहून सुमारे अडीच टक्के जड. बोट चार सेंटिमीटर बुडत असेल तर फरक जेमतेम १ मिमी. डोळ्यांना दिसणार कसा? त्यापेक्षा परीक्षानळीत वाळू आणि मोजपट्टीचा कागद घाला. नळी सरळ उभी राहून १२ सेंमी बुडेल इतकी वाळू हवी. मग लिटरला ३५ ग्रॅम मीठ विरघळवलेल्या पाण्यात तीच नळी सोडा. ती सुमारे ३ मिमी वर येते. दोन्ही वेळा वाळू तेवढीच ठेवा आणि मीठ पूर्ण विरघळल्यावरच आकडा वाचा.